पन्नाशीनंतर प्रोस्टेटची तपासणी: कधी करायची, आकडा कसा वाचायचा, पुढं काय

तासगाव-पलूस भागातला द्राक्षबागायतदार पान हिरवंगार असतानाच देठ परीक्षणाला नमुना पाठवतो. पानावर पिवळेपणा दिसेपर्यंत थांबलं तर हंगाम हातचा जातो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. तोच माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र "मला काय धाड भरलीय?" म्हणून विषय संपवतो.

माझं मिरजेत औषधाचं दुकान आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून लांबलांबून पेशंट मिरजेला येतात, आणि त्यांच्या चिठ्ठ्या आमच्या काउंटरवर. मी डॉक्टर नाही, उपचार ठरवणं माझं काम नाही. पण प्रोस्टेटच्या गोळ्या घेणारे पुरुष आणि त्यांच्या नावानं गोळ्या न्यायला येणाऱ्या बायका रोज समोर असतात. "ह्यांची लघवीची गोळी द्या" एवढंच सांगितलं जातं. गोळी कशासाठी, तपासणी झाली का, कधी झाली, हे विचारलं की बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून हा लेख. जायचं कसं, काय विचारायचं आणि कुठं थांबायचं, एवढं यात आहे.

आधी एक गोंधळ मिटवू

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांत असणारी ग्रंथी. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती ती बसलेली असते. तरुणपणी वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातला काही द्रव तिथं तयार होतो.

वय झालं की ती वाढते. ही साधी वाढ मधल्या भागात, नळीला लागून होते, त्यामुळं नळी आवळली जाते. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, जाऊन आलं तरी राहिल्यासारखं वाटतं. हा त्रास खरा आहे, पण तो कॅन्सर नाही आणि त्याचा पुढं कॅन्सर होतो असंही नाही.

कॅन्सर बहुतेक वेळा सुरू होतो बाहेरच्या, मागच्या भागात, गुदाशयाला लागून. दहांतले सातएक तिथलेच. नळी तिथून लांब, म्हणून सुरुवातीला लघवीवर काहीच परिणाम दिसत नाही. नळी दाबली जाईपर्यंत किंवा कंबर दुखू लागेपर्यंत वर्षं उलटून गेलेली असतात. धार बारीक झाली म्हणून हाय खायचं कारण नाही, आणि धार चांगली आहे म्हणून निर्धास्त राहायचंही कारण नाही. तपासणी करायची ती तक्रार नसताना.

सोनोग्राफीच्या रिपोर्टावर "प्रोस्टेटोमेगॅली, ग्रेड २" असं लिहून आलं की काही घरांत चूल पेटत नाही. तो ग्रेड ग्रंथीच्या आकाराचा. कॅन्सरचा ग्रेड वेगळा, तो बायोप्सीशिवाय, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासल्याशिवाय, कुणालाही देता येत नाही.

तपासणीनं खरंच फरक पडतो का?

पडतो, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. युरोपातल्या आठ देशांत ५५ ते ६९ वयाच्या १ लाख ६२ हजार पुरुषांचा मोठा अभ्यास १९९३ पासून चालला. त्याचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ज्यांना पीएसए या रक्ततपासणीला बोलावलं होतं त्यांच्यात या कॅन्सरनं होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी निघाले. वेगळ्या शब्दांत, ४५६ जणांना बोलावल्यावर एकाचा जीव वाचला.

दुसरी बाजूही आहे. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणानं जातो, कॅन्सर तिथंच पडून राहतो. असा कॅन्सर सापडला आणि घाईनं ऑपरेशन केलं तर फायदा शून्य, आणि लघवी गळणं किंवा ताठरता जाणं मात्र पदरात पडतं. याच कारणानं अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवा कार्यदलानं २०१२ मध्ये पीएसए सरसकट करू नका असं सांगितलं होतं. २०१८ मध्ये त्यांनी ते बदललं: ५५ ते ६९ वयाच्या पुरुषानं डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, ७० नंतर सरसकट तपासणी नको.

मधल्या काळात दोन गोष्टी सुधारल्या, बायोप्सीआधी एमआरआय करणं आणि सौम्य कॅन्सरवर फक्त नजर ठेवणं. त्यामुळं आज पारडं तपासणीच्या बाजूला झुकलंय असं मला वाटतं. अट एकच: आकडा हातात आल्यावर पुढं काय करायचं हे आधी माहीत हवं. ते माहीत नसेल तर पीएसए न केलेलीच बरी, असंही मी काउंटरवर सांगतो.

आपल्याकडं सरकारी कॅन्सर तपासणी होते ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची. आशाताई दारात येतात त्या फॉर्मात प्रोस्टेट नसतं. या बाबतीत तुम्हाला कुणी बोलावणार नाही, आपणच उठून जायचं.

पायरी १: आपला नंबर लागतो का ते बघा

घरात कुणाला नसेल तर पन्नाशीला पहिली पीएसए. वडील किंवा सख्ख्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, तेव्हा ४५ ला सुरुवात. बीआरसीए २ या जनुकातला दोष घरात सापडला असेल तर ४० पासून.

वरची मर्यादा आपल्याकडं कुणी पाळत नाही. ऐंशी पार केलेल्या, हृदयाची ताकद कमी झालेल्या आजोबांची पीएसए "पॅकेजमध्ये होती म्हणून" केली जाते आणि आकडा आला ९. मग सगळं घर सहा महिने धावतं. ज्या माणसाला पुढची दहाएक वर्षं मिळण्याची शक्यता कमी आहे, त्याला या तपासणीतून फक्त काळजी मिळते. याउलट सत्तरीतला माणूस रोज हरिपूरपर्यंत चालत जाऊन येत असेल, बीपी-साखर आटोक्यात असेल, तर त्यानं डॉक्टरांना विचारून ठरवावं. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांचं निदान मे २०२५ मध्ये झालं तेव्हा रोग हाडांत पोचला होता, आणि त्यांची आधीची पीएसए २०१४ सालची होती असं त्यांच्या कार्यालयानं सांगितलं. सत्तरीनंतरचा नियम बहुतेकांच्या भल्याचा आहे, पण कुणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते.

तिशी-पस्तिशीतल्या मुलांच्या "फुल बॉडी" पॅकेजमधल्या पीएसएला काही अर्थ नाही. ती वगळून पैसे कमी होतात का ते विचारा.

पायरी २: घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा

हे काम एका संध्याकाळचं, पण अवघड. आपल्याकडं आजाराचं नाव सांगितलं जात नाही. "आबांना मणक्याचा कॅन्सर होता", "थोरले काका कंबरेच्या दुखण्यानं गेले" एवढंच कळतं. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरतो तो आधी मणका, कंबर आणि मांडीच्या हाडांत, म्हणून अशा वाक्यावर थांबू नका. जुनी फाईल आहे का, ऑपरेशन कुठलं झालं, दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन होतं का, वृषण (अंडकोशातल्या दोन्ही ग्रंथी) काढले होते का, हे विचारा. वृषण काढणं हा पुढच्या टप्प्यातल्या प्रोस्टेट कॅन्सरवरचा जुना, स्वस्त आणि आजही चालणारा उपचार आहे. त्याचं उत्तर "हो" आलं तर आजार कुठला होता हे जवळजवळ कळलंच.

आईकडची बाजू विसरू नका. आई, मावशी किंवा बहिणीला कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बीआरसीएचा दोष मुलाला आईकडूनही येतो. हे पुरुषांच्या गावीही नसतं.

पायरी ३: रक्त देण्याआधी

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

पीएसए हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन. थोडंसं रक्तात उतरतं. ग्रंथीला कुठल्याही कारणानं धक्का बसला की जास्त उतरतं, त्या कारणांत कॅन्सर हे फक्त एक. लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल, लघवी तुंबून नळी घातली असेल, दुर्बिणीची तपासणी झाली असेल, तर निदान सहा आठवडे थांबा. शरीरसंबंध आणि लांबची सायकल दोन दिवस आधीपासून बंद. उपाशी राहायची गरज नाही, चहा घेऊन गेलात तरी चालेल.

आता गोळ्या. आकडा खोटा वाढवणाऱ्या कारणांची चर्चा पुष्कळ होते, खोटा कमी करणाऱ्या गोळ्यांची होत नाही. प्रोस्टेट वाढल्यावर दोन प्रकारची औषधं देतात. टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही नळी सैल करणारी, त्यांचा पीएसएवर म्हणण्यासारखा परिणाम नाही. ड्युटास्टेराइड आणि फिनास्टेराइड ही ग्रंथी आक्रसवणारी. ही सहा महिने ते वर्षभर घेतली की पीएसए जवळजवळ निम्मी होते. दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, त्यामुळं आपण दुसरं औषध घेतोय हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. केस गळू नयेत म्हणून घेतलेली १ मिलिग्रॅमची फिनास्टेराइडही हेच करते.

कवठेमहांकाळकडचे एक तात्या गोळ्या न्यायला आले होते. सहज विचारलं, "तात्या, पीएसए केली का कधी?"

"केली की. नॉर्मल हाय." खिशातून चार घड्या घातलेला रिपोर्ट निघाला. आकडा ३.१. शेजारी छापलेलं: नॉर्मल ० ते ४.

"आणि ही गोळी कधीपासनं चालू आहे?"

"झाली की दोनेक वर्सं. का वं?"

चिठ्ठीवर टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड दोन्ही. म्हणजे ३.१ चा अर्थ ६.२ च्या आसपास. लॅबचं यात काही चुकलं नव्हतं, लॅबला गोळीचं सांगितलंच नव्हतं. त्यांना म्हटलं, रिपोर्ट आणि गोळीचं पाकीट दोन्ही घेऊन डॉक्टरांकडं जा, गोळी मात्र मनानं बंद करू नका. ही गोळी चालू असताना पीएसए आधीच्या नीचांकापेक्षा वर सरकू लागली, तर आकडा "नॉर्मल" असला तरी डॉक्टरांना दाखवायचं.

केस-नखांसाठी मोठ्या डोसचं बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, काही यंत्रांवर त्यामुळं पीएसए खोटी कमी दिसते. रक्त देण्याआधी ते किती दिवस बंद ठेवायचं हे लॅबला विचारून घ्या.

पायरी ४: रक्त आणि बोटाची तपासणी

पीएसए ही हातातून काढलेल्या रक्ताची साधी तपासणी, "टोटल पीएसए" असं सांगायचं. सांगली-मिरज, विटा, इस्लामपूर, जत, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होते, दर आधी विचारा. सरकारीत जायचं असेल तर सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सर्जरीच्या ओपीडीत केसपेपर काढून विचारा. शक्यतो दर वेळी एकच लॅब ठेवा, कारण यंत्र बदललं की आकडा थोडा सरकतो आणि तो रोगानं सरकला की यंत्रानं हे कळत नाही.

खानापूर-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली मंडळी वर्षभर तामिळनाडू, केरळ, कुठंकुठं असतात आणि जत्रेला किंवा दिवाळीला गावी येतात. त्यांनी गावी आल्या आल्या, पहिल्या दोन दिवसांत रक्त द्यावं. परतायच्या आदल्या दिवशी दिलं की रिपोर्ट येतो तेव्हा माणूस रेल्वेत असतो.

बोटाच्या तपासणीचं नाव काढलं की माणसं खुर्ची मागं सरकवतात. डॉक्टर हातमोजा घालून, जेल लावून, गुदद्वारातून बोटानं ग्रंथीचा मागचा भाग चाचपतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, तोंडानं श्वास सोडायचा. मिनिटभराचं काम, अवघडल्यासारखं होतं, पण दुखत नाही. ग्रंथी मऊ आहे की दगडासारखी टणक, गाठ लागते का, हे त्यात कळतं. लवकरच्या टप्प्यातला कॅन्सर बोटाला बऱ्याचदा लागत नाही, म्हणून पीएसएऐवजी फक्त ही तपासणी पुरत नाही. आणि हिची लाज वाटते म्हणून पीएसए टाळणाऱ्यांना सांगतो: आधी नुसतं रक्त द्या, बाकीचं नंतर बघू.

पायरी ५: आकडा वाचा, पण एकट्यानं निर्णय घेऊ नका

रिपोर्टावर सगळ्यांना एकच "० ते ४" छापलेलं असतं. वयाप्रमाणं ही रेषा हलते. ढोबळ मानानं चाळिशीत २.५, पन्नाशीत ३.५, साठीत ४.५ आणि सत्तरीत ६.५ पर्यंत आकडा चालतो. पन्नाशीच्या माणसाचा ३.८ हा "नॉर्मल" म्हणून फाईलला लावायचा आकडा नव्हे.

उलट साठाव्या वर्षी पीएसए १ च्या आत असेल तर पुढं या कॅन्सरनं जीव जाण्याची शक्यता फारच कमी. अशांनी दर वर्षी तपासत बसायचं कारण नाही. १ च्या आत असणाऱ्यांना डॉक्टर बऱ्याच वर्षांचं अंतर देतात, त्याहून वर असेल तर साधारण दोन वर्षांनी.

४ ते १० हा धूसर पट्टा. यातल्या साधारण चौघांपैकी एकाच्या बायोप्सीत कॅन्सर निघतो, तिघांच्यात निघत नाही. १० च्या वर गेलं की शक्यता निम्म्याहून जास्त.

वाढलेला आकडा आला की पहिलं काम: काही आठवडे थांबून, पायरी ३ मधली पथ्यं पाळून, त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासणी. बऱ्याच जणांचा आकडा आपोआप खाली येतो. इथं एक रीत मला खटकते. जंतुसंसर्गाची काही खूण नसताना "पीएसए उतरवायला" महिनाभराची अँटिबायोटिक लिहून दिली जाते. आकडा बऱ्याच जणांचा तसाही उतरणारच असतो, श्रेय गोळीला जातं, आणि जंतू मात्र त्या औषधाला सरावतात. लघवीची कल्चर तपासणी केलीय का, हे विचारायला हरकत नाही.

दुसरं काम घरी कागदावर करता येतं. सोनोग्राफीत प्रोस्टेटचं वजन दिलेलं असतं. पीएसएला त्यानं भागा. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० ग्रॅम, तर उत्तर ०.१०. तेच ६ आणि ग्रंथी ३० ग्रॅम, तर ०.२०. साधारण ०.१५ च्या वर गेलं की संशय वाढतो. मोठी ग्रंथी जास्त पीएसए सोडणारच, छोट्या ग्रंथीनं एवढी सोडली तर विचार करावा लागतो. हा भागाकार करून तो कागद डॉक्टरांपुढं ठेवा, निर्णय त्यांचा.

"फ्री पीएसए" नावाची जोडतपासणी धूसर पट्ट्यातच उपयोगी. मोकळ्या पीएसएचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर असेल तर बरं, १० च्या खाली असेल तर काळजीचं. पहिल्याच वेळी तिच्यासाठी पैसे घालू नका.

पायरी ६: सुईआधी एमआरआय

दुसऱ्यांदाही आकडा वर असेल तर युरॉलॉजिस्टकडं (लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांकडं) जायचं, आणि विचारायचं, "बायोप्सीआधी एमआरआय करायचा का?" २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात आधी एमआरआय केलेल्यांपैकी २८ टक्के पुरुषांची बायोप्सी टळली, आणि ज्यांची केली त्यांच्यात उपचार लागणारे कॅन्सर जास्त नेमके सापडले.

रिपोर्टमध्ये पाय-रॅड्स असा १ ते ५ चा गुण असतो. १-२ म्हणजे संशय कमी, ४-५ म्हणजे बायोप्सी करावी, ३ म्हणजे बाकीच्या गोष्टी बघून ठरवायचं. क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट बरोबर न्या, पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर आधी सांगा. आणि प्रोस्टेटचे एमआरआय नेहमी वाचणारे रेडिऑलॉजिस्ट कुठल्या सेंटरला आहेत हे युरॉलॉजिस्टनाच विचारा. इथं दोन-चारशे रुपये वाचवायला जाऊ नये.

पायरी ७: बायोप्सी

"सुई लावली की कॅन्सर पसरतो." हे वाक्य मी पारावर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि शिकलेल्या माणसांकडूनही ऐकलंय. प्रोस्टेटच्या बायोप्सीनं कॅन्सर पसरत नाही. बायोप्सी टाळून घालवलेल्या वर्षांत मात्र तो पसरू शकतो.

सोनोग्राफीच्या मदतीनं दहा-बाराएक बारीक तुकडे घेतात, शिवाय एमआरआयमध्ये दिसलेल्या जागेतले वेगळे. वाट दोन प्रकारची, गुदाशयातून किंवा अंडकोश आणि गुदद्वाराच्या मधल्या त्वचेतून. दुसऱ्या वाटेनं जंतुसंसर्गाचा धोका कमी. रक्त पातळ करणारी गोळी, म्हणजे अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, चालू असेल तर युरॉलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना विचारूनच थांबवा. स्टेंट बसवलेल्या माणसानं ती मनानं बंद केली तर भलतंच होऊन बसतं.

नंतर लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसतं, त्याला घाबरायचं नाही. थंडी वाजून ताप आला तर मात्र क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका. त्याच वेळी, रात्र असली तरी, दवाखाना गाठा. जंतू रक्तात गेल्याची ती खूण असू शकते.

पायरी ८: कॅन्सर निघाला तर

रिपोर्टमध्ये ग्लिसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती जोरकस आहे याचा गुण, असतो. व्यवहारात तो ६ ते १० मध्ये येतो. ३ + ३ = ६ हा सगळ्यात सौम्य. दहापैकी सहा म्हणजे निम्म्याच्या वर, असा अर्थ लावून लोक खचतात, पण मोजपट्टी सुरूच सहापासून होते. नव्या पद्धतीत यालाच ग्रेड ग्रुप १ म्हणतात, शेवटचा ५.

सौम्य कॅन्सरवर लगेच ऑपरेशन नको, ठरावीक अंतरानं पीएसए, एमआरआय आणि गरजेप्रमाणं पुन्हा बायोप्सी करत नजर ठेवायची, हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. ब्रिटनमधल्या १,६४३ पुरुषांच्या अभ्यासात नजर ठेवणं, ऑपरेशन आणि रेडिएशन असे तीन गट केले होते. १५ वर्षांनी तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरनं गेलेले साधारण ३ टक्केच होते. "काही करायचं नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले" असं घरच्यांना वाटतं. तसं नाही, आणि हे बायकोमुलांना डॉक्टरांकडूनच ऐकू द्या, तुम्ही सांगून त्यांना पटणार नाही.

मधल्या आणि जोरकस ग्रेडला ऑपरेशन किंवा रेडिएशन. दोन्ही सुचवली जात असतील तर सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांना स्वतंत्र भेटा. लघवी गळण्याचं काय, संबंधांचं काय, हे दोघांनाही विचारा. घाई नको: बायोप्सीच्या तुकड्यांच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घेऊन मुंबईला टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसरं मत घेण्याएवढा वेळ या रोगात बहुतेकांना मिळतो.

पैशाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडीतली पीएसए त्यात धरू नका. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी तिथं जा, कारण मंजुरी आधी लागते. सत्तरीवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

पायऱ्या न मोजता धावायचं कधी

लघवी पूर्ण तुंबली, लघवीतून रक्त आलं, रात्री झोपू न देणारं पाठीचं दुखणं आठवड्यांमागून आठवडे टिकलं, तर तपासणीच्या वयाचा हिशेब करायचा नाही, डॉक्टर गाठायचे. पाठदुखीबरोबर पायांतली ताकद कमी होऊ लागली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. मणक्यातल्या गाठीनं मज्जारज्जू दाबला जात असेल तर काही तासांच्या उशिरानंही पाय कायमचे जाऊ शकतात. अशा वेळी मालिशवाला नको आणि हाडवैद्य तर नकोच.

फाईल

एक प्लास्टिकची फाईल करा, वर एक कोरा कागद लावा. त्यावर दर तपासणीची तारीख, लॅबचं नाव, आकडा, त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि पुढची तारीख. गोळ्यांच्या रकान्यात "लघवीची गोळी" असं लिहू नका, पाकिटावरचं औषधाचं नाव उतरवा. वाचता आलं नाही तर औषध दुकानात पाकीट दाखवा, आम्ही लिहून देतो. फाईल कुठं ठेवलीय ते घरात दोघांना माहीत असू द्या, आणि त्या कागदाचा फोटो मुलाला किंवा मुलीला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. मुलगा पंचेचाळिशीचा झाला की त्यालाही तो लागणार आहे.